भरतीच्या पोरांची सुई

गावातल्या व्यसनमुक्तीच्या पथनाट्यात व्यसनी माणूस ठरलेला असतो. झिंगलेला, बायकोवर हात उगारणारा, शेवटी सगळ्यांच्या पाया पडणारा. पोलीस भरतीसाठी पहाटे साडेचारला उठून डांबरी रस्त्यावर धावणारा पोरगा ते बघतो, हसतो आणि घरी जातो. तो दारूला शिवत नाही, तंबाखू खात नाही. ग्राउंडच्या आधी एक सुई मारतो, एवढंच. त्याच्या लेखी ती तयारी आहे.

ही सुई मेफेंटरमाइनची. पाठीत भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब एकदम घसरला, तर तो सावरायला भूलतज्ज्ञ हे औषध देतात, तेही मॉनिटरवर नजर ठेवून. जिममधल्या आणि भरतीच्या मुलांना विकला जाणारा त्याचा बेकायदा साठा पश्चिम महाराष्ट्रात पोलिसांनी अनेकदा पकडला आहे. औषध टोचलं की रक्तदाब वाढतो, अंगात जोर आल्यासारखं वाटतं. थकवा असतोच, पण तो पोराला कळत नाही आणि भर उन्हातही पोरगा हृदयाला विसावा देत नाही. पुढे झोप उडते, माणूस संशयी होतो, डोस वाढतो. दोघांनी एकच सुई वापरली तर कावीळ आणि एचआयव्हीचा धोका वेगळाच.

पोराला मूर्ख ठरवणं सोपं आहे. पण २०२४च्या पोलीस भरतीत सुमारे १७ हजार जागांसाठी १७ लाखांहून जास्त अर्ज आले होते. शिपायाच्या मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण एकट्या १६०० मीटरचे. घरी दीड एकर कोरडवाहू, वयाची अट दारात उभी, नोकरी नाही म्हणून लग्न जमत नाही. अशा पोराला ‘आरोग्य हीच संपत्ती’ सांगणारा फलक कुठून दिसणार?

शिवाय सुईची भीती आपल्याकडे होती कधी? ‘डॉक्टर, गोळ्या नकोत, सुईच द्या,’ हे म्हणतच आपण मोठे झालो. सलाईन लावल्याशिवाय ताकद येत नाही, ही समजूत आजीपासून नातवापर्यंत पोचली आहे. मेडिकलवाला अर्धा डॉक्टर असतो आणि वडिलांच्या ओळखीचाही. चिठ्ठी नंतर आणून दिली तरी चालते. मालेगावात ‘कुत्ता गोली’ म्हणून विकली जाणारी अल्प्राझोलाम हीसुद्धा मुळात चिठ्ठीवरचीच गोळी.

कायदे आहेत. अल्प्राझोलाम, कोडीन, ट्रामाडोल अशा औषधांच्या विक्रीची वेगळी नोंदवही २०१४पासून दुकानदाराला ठेवावी लागते, तीन वर्षं जपावी लागते. ट्रामाडोल २०१८मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. पण नोंदवहीची सगळी मदार लिहिणाऱ्यावर. मेफेंटरमाइनच्या बाबतीत मला गल्ल्यापेक्षा वरचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: जे औषध शस्त्रक्रियागृहातच लागतं, ते किरकोळ दुकानात आणि कुरिअरच्या खोक्यात जातंच कशाला? घाऊक विक्रेत्याने ते फक्त रुग्णालयांना द्यावं आणि बिलं तपासली जावीत. हे तालुक्यातल्या प्रत्येक पोरामागे शिपाई लावण्यापेक्षा सोपं आहे.

लक्ष घालायची दुसरी जागा म्हणजे भरतीची तयारी करून घेणारी अकॅडमी. कोणाचा वेळ आठवड्यात अचानक कसा सुधारला, हे तिथल्या सरांना स्टॉपवॉचवरच कळतं. काही सर बोलतात, काही निकालाच्या फ्लेक्ससाठी गप्प राहतात. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी महिन्यातून एकदा सकाळी ग्राउंडवर यावं, धावण्याआधी सगळ्यांचा रक्तदाब मोजावा. ज्याचा चढलेला निघेल, त्याला बाजूला घेऊन विचारावं; पोलिसांना फोन न करता, घरी न कळवता. धाक दाखवला तर पुढच्या महिन्यात तो पोरगा त्या दिवशी ग्राउंडवर येणारच नाही.