‘गिव्ह अप’ म्हणजे नक्की काय सोडायचं?



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ७ ते ९

काल रात्री एका मित्राचा मेसेज आला, ‘आय गिव्ह अप.’ सीए फायनलचा तिसरा अटेम्प्ट गेला होता. मी लिहिलं, ‘देवावर सोड रे. झोप आता.’ आणि मी झोपलो.

सकाळी नेमकं त्यागाचं प्रकरण वाचायला आलं. मनात आलं, हे ‘गिव्ह अप’ आपण किती अर्थांनी वापरतो! सिगारेट सोडली, गिव्ह अप. लोकलमध्ये आजोबांना जागा दिली, गिव्ह अप. आरोपी स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन झाला, तेही गिव्ह अप. आणि हात टेकले, तरी तेच!

भगवंत मात्र हे सगळं एका पोत्यात भरत नाहीत. मोहापायी आपलं नेमलेलं कर्म टाकणं हा तामस त्याग. कष्ट पडतील या भीतीने टाकणं हा राजस. त्यातून त्यागाचं फळ मिळत नाही. कर्तव्य म्हणून कर्म करत राहायचं, पण त्यातली आसक्ती आणि फळाची आस सोडायची, हा सात्त्विक त्याग.

पहिल्या अध्यायाच्या शेवटी अर्जुनानेही सोडलंच होतं. धनुष्य टाकून तो रथात बसला. वर बोलणं किती मोठं, यापेक्षा भीक मागून जगेन म्हणाला! भगवंतांनी त्याला सरळ मनाचा दुबळेपणा म्हटलं. अठराव्या अध्यायात तोच अर्जुन म्हणतो, तू सांगशील तसं करीन. आता त्याने स्वतःचा हट्ट सोडलाय. शरण जाणं ते हे.

म्हणजे परीक्षा कधी सोडूच नये का? तसं नाही. शांतपणे विचार करून वाट बदलता येते. निकालाच्या रात्री, रडत, असं काही ठरवू नये एवढंच.

पण आज मला टोचलं ते वेगळंच. इंग्रजीत ‘गिव्ह अप ऑन समवन’ असंही म्हणतात, म्हणजे एखाद्या माणसाची आशाच सोडून देणं. मित्राने परीक्षा सोडली. मी मित्राला सोडलं. आणि त्यावर देवाचं नाव चिकटवलं! ‘देवावर सोड’ म्हणताना मला खरं तर झोप हवी होती.

अर्जुन खचून बसला तेव्हा श्रीकृष्ण रथातून उतरून गेले नाहीत. लगाम धरून, त्याच्या एकेका शंकेला उत्तर देत राहिले. अर्जुनाने सोडलं, त्यांनी अर्जुनाला सोडलं नाही.

आजचा संकल्प : उपदेश न करता मित्राला फोन करायचा. तो उचलेल की नाही, ते मात्र खरंच देवावर सोडलं.

तुमच्याही फोनमध्ये असा एखादा मेसेज पडून असेल, तर बघा.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥