बुजलेली जखम

अजिंठा लेण्यांच्या वाटेवर, फर्दापूरच्या फाट्याशी, जळगावकडे निघालेले ट्रक चहाला थांबतात. त्यातल्या एका ट्रकवर एकाच गावचे दोघे होते. थोरला ड्रायव्हर, धाकटा क्लीनर. लांबच्या एका खेपेत दोघांनी निरोधाविना बाहेर संबंध ठेवला. काही आठवड्यांनी दोघांच्याही लघवीच्या जागी फोड उठला. दुखत नव्हता, म्हणूनच जास्त फसवा.

थोरल्यानं रस्त्याकडेच्या पालातून जडीबुटी घेतली. महिन्याभरात जखम बुजली. "गेली गरमी," म्हणत त्यानं जडीबुटीवाल्याला नारळ दिला. गरमीची, म्हणजे सिफिलिसची, जखम औषध न घेताही बुजते, रोग मात्र रक्तात उतरलेला असतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. खेपा चालू राहिल्या, फोड येत-जात राहिले.

धाकटा गावच्या आरोग्य कार्यकर्तीकडे, आशाताईंकडे गेला. मान वर होईना. "ताई, माझ्या एका मित्राला..."

ताईंनी मित्राचं नाव विचारलं नाही. "भाऊ, कपाशीच्या कुंपणाला भगदाड पडलं तर आत शिरलेलं डुक्कर हाकलून भागतं का? भगदाड बुजवलं नाही तर दुसरंही शिरतं. हा फोड तसाच. एचआयव्हीला तिथून सहज वाट मिळते. मित्राला म्हणावं, औषध घे, त्याच दिवशी एचआयव्हीचीही तपासणी कर. आणि बायकोलाही ने. तुझ्या एकट्याच्या औषधानं भागायचं नाही."

धाकटा बायकोला घेऊन सरकारी दवाखान्यात गेला. दोघांनी इंजेक्शनं घेतली, रक्त दिलं, तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं. एचआयव्ही नव्हता.

थोरल्याच्या बायकोला अंगावरून जात होतं. ती बोलली नाही. आपल्याकडच्या बाया हे सोसतच आल्या आहेत. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत तपासणी केली, तेव्हा 92 टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. त्याआधी तशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या 8 टक्के. 1989 साली हे छापून आलं. एवढ्या बाया गप्प होत्या, कारण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

दोन वर्षांनी थोरल्याचा खोकला हटेना, तेव्हा धाकट्यानंच त्याला हाताला धरून नेलं. टीबी निघाला, एचआयव्हीही निघाला. बायकोलाही निघाला. एआरटीच्या गोळ्या सरकारी केंद्रात 2004 पासून मोफत मिळतात. दोघांनी त्या सुरू केल्या, वजन भरलं, तो पुन्हा ट्रकवर गेला. पण एका रात्री बायकोनं विचारलं, "पहिला फोड आला तेव्हाच मला का नाही सांगितलं?" त्याला उत्तर सुचलं नाही.

ती बाई कधी कुठल्या खेपेला गेली नव्हती. नवऱ्याच्या लाजेची किंमत तिनं मोजली.

म्हणून फोड, स्राव, जळजळ, काहीही असो, आपोआप बरं वाटलं तरी नवरा-बायको दोघांनी तपासून घ्या. एचआयव्हीची तपासणी तुमच्या संमतीशिवाय होत नाही आणि निकाल गुप्त ठेवणं 2017 च्या कायद्यानं बंधनकारक आहे. दवाखान्याची पायरी चढायची लाज वाटत असेल, तर आधी 1097 वर फोन करा. त्याला पैसे पडत नाहीत.