खानेसुमारीच्या दिवसांतला जन्म

डिसेंबरचा अखेरचा आठवडा लागला की मुंबईहून गोव्याकडे निघालेल्या मोटारींचा जो लोंढा चौपदरीकरणाच्या धुळीतून वाट काढीत शास्त्री नदीच्या पुलाशी येतो, तो पाहावयास संगमेश्वराइतके सोयीचे ठिकाण नाही. टपावर आवळलेल्या बॅगा, मागल्या काचेला टेकलेली लाल टोपी, नाक्यावर चहा घेता घेता पुढल्या मुक्कामाच्या खोलीसाठी फोनवर चाललेली घासाघीस आणि शेवटी ‘फुल्ल आहे म्हणतोय’ हा वैतागलेला उद्गार. आमच्या गावाचा नाताळशी संबंध बहुधा एवढाच. या धामधुमीत ख्रिस्तजन्माचा अर्थ हरवला अशी हळहळ करण्याची रीत आहे. मला ती अर्धीच पटते, कारण मूळ कथाच गर्दीत घडलेली आहे, आणि ती गर्दी सरकारी होती.

लूकच्या शुभवर्तमानाप्रमाणे कैसर ऑगस्ताचे फर्मान सुटले की साऱ्या रयतेची नावनिशी व्हावी आणि ज्याने त्याने आपल्या मूळगावी जाऊन दप्तरी नाव लावावे. गणपतीच्या आदल्या दिवशी चाकरमान्यांनी खच्चून भरलेली गाडी ज्याने संगमेश्वर रोड स्टेशनात शिरताना पाहिली आहे, त्याला त्या दिवसांतले बेथलेहेम वेगळे समजावून सांगावे लागत नाही. नासरेथचा योसेफ दिवस भरत आलेल्या मरियेला घेऊन तेथे गेला, पण उताराशाळेत जागा नव्हती. मूल झाले ते गव्हाणीत निजवले. वार्ता प्रथम कळली ती रात्री कळप राखीत बसलेल्या मेंढपाळांना, म्हणजे कामावर असलेल्या माणसांना. तेव्हा कामाची घाई हा काही या सणाचा शत्रू म्हणता येत नाही. शत्रू असलाच तर तो यजमानाचा गिऱ्हाइकाकडे पाहण्याचा डोळा, ज्याला खोलीचे भाडे दिसते आणि अवघडलेली बाई दिसत नाही.

देव मनुष्यरूपाने येतो यात मराठी वाचकाला नवल नाही, हे थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइट पाद्र्याने नेमके हेरले होते. १५७९ साली गोव्यास आलेल्या आणि साष्टीत आयुष्य वेचलेल्या या पुरुषाने ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत रचले आणि ते १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या पोर्तुगीज शीर्षकात विषय सांगितला आहे तो ख्रिस्ताच्या जगात येण्याचा. परंतु अवताराची ओळख पटली म्हणून भेद मिटत नाही. मुखात विश्व दाखविणाऱ्या बाळकृष्णाचे बालपण ही लीला आहे. आत तो सर्वसमर्थच असतो. ख्रिस्ती सिद्धान्ताचा आग्रह असा की बेथलेहेमच्या बालकाची असहायता पांघरलेली नव्हती. आईचे दूध आणि सुताराचा आसरा नसता तर ते जगते ना, आणि हीच असहायता पुढे क्रुसावरही सुटली नाही. ईश्वराने माणसाच्या हाती इतके सोपवावे, हे ज्ञान्यांना जड जाते. मला तर अद्यापही जाते.

आमच्याच जिल्ह्यात करजगावी १८६१ साली जन्मलेल्या आणि १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी मात्र ते शब्दशः घेतले. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी आणि तिच्याबरोबर पगारही सोडला, ख्रिस्ती संन्यास पत्करला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. तेथे बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तासही मज्जाव नव्हता. संसाराच्या जमाखर्चात हे बसत नाही. टिळकांच्या असल्या बेहिशेबीपणाची झळ कोणाला किती लागली, हे त्यांच्या पत्नीची ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यास ठाऊक आहे. पण उताराशाळेच्या दाराशी जागा मागणारा देव ज्याने मानला, त्याने पगारपत्रक छातीशी धरून बसावे, हेही विसंगतच झाले असते.

नाताळच्या बाबतीत चर्चचे पंचांगही असेच बाजाराच्या अगदी उलट चालते. नाताळपूर्वीचे चार रविवार आगमनकाळाचे, जांभळ्या वस्त्रांचे आणि प्रतीक्षेचे. बाजार नेमका हाच काळ विक्रीने भरून टाकतो आणि पंचवीस तारीख उलटताच एकतीसच्या तयारीला लागतो. चर्चचा सण तेव्हा कोठे सुरू झालेला असतो, आणि तोही गोडधोडाचा राहत नाही. सव्वीसला पहिला हुतात्मा स्तेफन, ज्याला दगडांनी ठेचून मारले. अठ्ठाविसाला हेरोद राजाच्या हुकुमाने कापली गेलेली बेथलेहेमची दोन वर्षांच्या आतली मुले. आणि ज्याच्यासाठी ती मारली गेली, तो तोवर आईबापांबरोबर रातोरात मिसरच्या वाटेला लागलेला, कोणत्याही दप्तरात नाव न लावता.