धरणाच्या पोटातला साक्षीदार



आपले ज्ञान अपुरे आहे हे माहीत असताना, दुसऱ्याच्या आयुष्यावर परिणाम होईल असा निर्णय घ्यावा का? आणि घ्यावाच लागला, तर घेणाऱ्याचा धर्म काय? घरात आईवडिलांवर, वडीलधाऱ्यांवर ही वेळ रोज येते. पण आज आपण हा प्रश्न इंजिनिअर मंडळींच्या अंगणात जाऊन पाहू. तिथे तो लपून राहत नाही, आकड्यांत मांडावाच लागतो.

पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. 1916 मध्ये सुरू झालेली ही संस्था. तिथे नद्या, बंदरे, धरणांचे सांडवे यांच्या लहान प्रतिकृती करून त्यांतून खरे पाणी सोडतात आणि ते कसे वागते ते पाहतात. नदी शंभरपट लहान केली, तर पाण्याचा वेग शंभरपट नव्हे, दहापट कमी धरावा लागतो. वेळही दहाने भागावा लागतो, म्हणजे प्रतिकृतीतला एक तास हा खऱ्या नदीतले दहा तास. इथपर्यंत गणित नीट जमते. पण वाळूचा कण शंभरपट लहान केला, की तो वाळू राहतच नाही. पिठासारखा होतो, एकमेकांना चिकटतो. पाण्याचा चिकटपणा तर आपल्या सांगण्यावरून कमी होत नाही. म्हणून प्रतिकृती करणारा आधी ठरवतो की काय जपायचे आणि काय सोडायचे. सगळे जपता येत नाही. सगळे जपले तर ती प्रतिकृती उरणार नाही, नदीच होईल.

म्हणजे काहीतरी सोडणे हा दोष नव्हे. मग दोष कुठे सुरू होतो? कोयनेची हकीकत पाहू. आपल्यापैकी बेळगाव-कोल्हापूरकडच्या जुन्या मंडळींना ती आठवत असेल.

कोयना धरण सुमारे 103 मीटर उंच. ते बांधले तेव्हा दख्खनचे पठार म्हणजे स्थिर, न हलणारी भूमी असे जाणकारांचे मत होते. तरीही धरणाच्या हिशेबात भूकंपाचा थोडा जोर धरला होता, गुरुत्वाकर्षणाच्या पाच टक्के. शिवाय तो जोर पायथ्यापासून माथ्यापर्यंत सारखाच धरला होता. त्या काळी जगभर अशीच रीत होती. म्हणजे कागदावरचे धरण एखाद्या ताठ ठोकळ्यासारखे होते. खरे धरण तसे नसते. जमीन हलली की काँक्रीटची भिंतही लवते आणि माथ्याकडे हेलकावा वाढत जातो.

1962 मध्ये जलाशयात पाणी साठू लागले, तसे परिसरात लहान लहान हादरे जाणवू लागले. तेव्हा तिथे मोजणीची यंत्रे बसवली गेली. हादऱ्याचा जोर टिपणारे एक यंत्र तर थेट धरणाच्या आत, पायाकडच्या गॅलरीत ठेवले होते.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे मोठा भूकंप झाला. कोयनानगरची बहुतेक घरे पडली. दीडशेहून अधिक माणसे गेली. गॅलरीतल्या यंत्राने काय नोंदवले? धरणाच्या आडव्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ निम्मा जोर आणि लांबीच्या दिशेने त्याहूनही जास्त, सुमारे 63 टक्के. हिशेबातले पाच टक्के म्हणजे सतत लावलेले बळ आणि यंत्रातला आकडा म्हणजे क्षणाचा झटका, त्यामुळे दोन्हींची तुलना सरळ करता येत नाही, हे खरे. पण अंदाज फार तोकडा पडला होता हे कुणीही ओळखेल. धरणाला आडव्या भेगा पडल्या. त्या बहुतेक माथ्याकडच्या भागात होत्या, जिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो तिथे. जुन्या पद्धतीच्या हिशेबात त्या जागी धोका दिसतच नव्हता!

धरण मात्र उभे राहिले. हिशेब करणाऱ्यांनी हात राखून काम केले होते. पुढे मागच्या बाजूने काँक्रीटचे टेकू देऊन ते बळकट केले. 1970 मध्ये देशाचा भूकंपप्रवणतेचा नकाशा बदलला आणि कोयना परिसर वरच्या धोक्याच्या पट्ट्यात गेला. काँक्रीटच्या धरणाचे नवे गणिती मॉडेल कुणी केले, की ते तपासायला आजही जगभर कोयनेची नोंद घेतात. अमेरिकेत या धरणाच्या एका भागाची दीडशेपट लहान प्रतिकृती करून ती हलत्या टेबलावर तोडूनही पाहिली गेली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने या हादऱ्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. अलीकडे तर कोयना परिसरात तीन किलोमीटर खोल भोक पाडून, काळ्या कातळाच्या थरांखाली काय चालले आहे ते पाहण्याचे काम झाले. हादरे अजून थांबलेले नाहीत, म्हणून अभ्यासही थांबलेला नाही.

आता आपला प्रश्न. पाच टक्के धरणारे अपराधी होते का? आम्हाला तसे वाटत नाही. तेव्हाच्या ज्ञानात जे होते ते त्यांनी वापरले. अपराध तेव्हा झाला असता, जेव्हा लहान हादरे जाणवूनही कुणी म्हणाले असते, ‘ही भूमी स्थिर आहे, आमच्या कागदात तसे लिहिले आहे, यंत्र कशाला हवे?’ तसे झाले नाही. आपल्याच हिशेबाविरुद्ध साक्ष देऊ शकेल असा साक्षीदार धरणाच्या पोटात बसवला गेला. त्याने साक्ष दिली तेव्हा ती मानली गेली, नकाशा बदलला गेला.

इथे एक गोष्ट विसरता कामा नये. हिशेब चुकला तर हिशेब करणाऱ्याची फक्त वही चुकते. घर पडते ते खालच्या खोऱ्यात झोपलेल्या माणसाचे, आणि त्याला तर कुणी विचारलेलेही नसते. म्हणून ज्याच्या अंदाजाची किंमत दुसरा मोजणार आहे, त्याची जबाबदारी जास्त. त्याने हात राखून ठरवावे, काय सोडले ते लिहून ठेवावे आणि आपल्याला खोटे पाडणाऱ्या नोंदीची सोय स्वतःच करावी.

कुणी म्हणेल, असा संशय धरला तर काही उभेच राहणार नाही. पण पाहा, यंत्र बसवणाऱ्यांनी धरण बांधायचे सोडले नव्हते. कोयनेच्या विजेवर आज कितीतरी घरे उजळतात. निर्णय न घेणे हाही निर्णयच असतो आणि त्याचीही किंमत कुणीतरी मोजतोच. दुसरे कुणी म्हणेल, श्रद्धेत तपासणी कशी बसते? ज्याचा धरणावर विश्वास आहे तोच त्याची काळजी घेतो, भेग दिसली तर धावतो. भेगेकडे पाहायलाच नको म्हणणारा खरे तर आतून घाबरलेला असतो.

आता घराकडे वळू. आपण प्रत्येक जण घरातल्या माणसांच्या लहान प्रतिकृती मनात बाळगतो. ‘धाकट्याला जबाबदारी कळत नाही.’ ‘सूनबाईला आपल्या घरच्या रीती नकोशा वाटतात.’ ‘बाबांना काही समजत नाही.’ प्रतिकृतीवाचून चालत नाही, हे कबूल. पण धाकट्याविषयीचे मत तो दहा वर्षांचा असताना ठरले आणि आता तो तिशीत आहे, तर त्या मताची किंमत कोण मोजतो? आपण नाही, तो मोजतो. घराच्या व्यवहारात त्याला विचारले जात नाही, आणि विचारले जात नाही म्हणून त्याला कधी दाखवताही येत नाही. मग आपण म्हणतो, बघा, आमचे खरेच निघाले. मोजायला यंत्रच ठेवले नाही, तर पाच टक्क्यांचा आकडा कधीच चुकणार नाही!

म्हणून या आठवड्यात घरोघरी एक करून पाहावे. ज्या माणसाविषयी आपले मत अगदी पक्के आहे, त्याच्या हाती एक खरे काम सोपवावे. बँकेचे असो, पाहुण्यांचे असो, सणाच्या तयारीचे असो. मध्ये हात घालू नये. काय झाले ते जसेच्या तसे पाहावे, आणि आपल्या मताविरुद्ध काही दिसले तर ते त्याच्यासमोर, घरातल्या सगळ्यांच्या देखत बोलून दाखवावे. वडीलधाऱ्यांनी आधी सुरुवात केली तर मुलांना सोपे जाईल.

जय गुरुदेव 🙏