खाडे वजा जाता

दोन वर्षांपूर्वी साखरेच्या तपासणीत माझा एचबीएवनसी ६.२ आला. डॉक्टरांनी कागद पाहिला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "गोळी नको एवढ्यात. खाणं सांभाळा, चाला, तीन महिन्यांनी दाखवा." सहाशे रुपये दिले, बाहेर आलो. खाणं सांभाळा म्हणजे नेमकं काय, हे विचारायला बाहेर बसलेल्या चौदा पेशंटांनी वेळ ठेवला नव्हता. ते 'म्हणजे काय' मी पुढे १८,००० रुपयांना विकत घेतलं. तीन महिन्यांचं पॅकेज, पैसे आगाऊ, फोनवर हेल्थ कोच, रोज ताटाचे फोटो पाठवायचे.

पहिले तीन आठवडे मी भाकरीचेही तुकडे मोजले. पाचव्या आठवड्यात गावी गेलो आणि फोटो थांबले. तिकडून कोणी विचारलं नाही. आठवडा गेला, महिना गेला. तीन महिने भरल्याच्या दिवशी मात्र संदेश आला: पुढच्या पॅकेजवर वीस टक्के सूट! मला राग आला, पण हिशेब मांडल्यावर त्याहून जास्त काहीतरी कळलं. मी गप्प बसलो, त्यातच त्यांचा फायदा होता. माझ्यावर खर्चायचा वेळ वाचला होता आणि पैसे तर आधीच जमा झाले होते. जानेवारीत वर्षाची फी घेणारी व्यायामशाळा याच तत्त्वावर चालते. सगळे सभासद एकाच संध्याकाळी आले, तर तिथे उभं राहायला जागा पुरणार नाही.

म्हणून आमच्या इमारतीतल्या एका मुलीने "काका, महिन्याला किती घेऊ?" असं विचारलं, तेव्हा मी लगेच आकडा सांगू शकलो नाही. ती आहारशास्त्रात एमएस्सी. रुग्णालयातली नोकरी मुलगा झाल्यावर सुटली आणि आता घरातूनच सल्ला देते. तोवरची तिची फी म्हणजे ओळखीच्यांनी आणून दिलेले डबे. साखर आटोक्यात ठेवण्याच्या सल्ल्याबद्दल तिला दिवाळीत चार घरांतून बेसनाचे लाडू आले होते. "ओळखीच्यांकडून पैसे कसे घ्यायचे?" हा तिचा खरा प्रश्न होता. 'किती' हा त्यानंतरचा.

हा संकोच तिच्या एकटीचा नाही, आपल्याकडे त्याला मोठी परंपरा आहे. नागपूरचं जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळ कित्येक दशकं विनामूल्य योग शिकवतं आहे. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या मांडणीवरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी 'दोन वेळा जेवा आणि पंचेचाळीस मिनिटं चाला' हे घरोघरी नेलं, तेही फुकट. पटो न पटो, आहाराबद्दलचं बोलणं त्यांनी क्लिनिकमधून काढून लग्नाच्या पंगतीत आणून बसवलं, हे मान्य करावं लागतं. पण अशा कामात पैशांची जागा माणसांचा वेळ घेतो. शेकडो जणांच्या व्हॉट्सॲप गटात उत्तरं देणारा कोणीतरी निवृत्त असतो, कोणाचं घर दुसऱ्याच्या पगारावर चालत असतं. ही पदरमोड आदराची आहे. मात्र याच कामावर पोट असलेल्या माणसाने तिच्याशी दराची स्पर्धा करू नये.

फुकटाची दुसरीही एक जात आहे. सकाळी सहाला शटर अर्धं वर करून वजनकाट्यावर उभं करणारी, चरबीची टक्केवारी सांगून घाबरवणारी आणि मग 'शेक' पाजणारी केंद्रं आता तालुक्याच्या गावातही दिसतात. तिथे सल्ल्याचे पैसे नसतात. ते पावडरीच्या डब्यात असतात आणि डब्यातला वाटा वर कुठवर जातो, ते पिणाऱ्याला ठाऊक नसतं. डबा विकून जगणारा माणूस 'तुम्हाला डब्याची गरज नाही, मुगाचं घावन खा' असं कशाला म्हणेल?

फीला फी न म्हणण्याची आणखी एक तऱ्हा कोर्टापर्यंत गेली. पतंजली योगपीठ ट्रस्ट योगशिबिरांसाठी जे पैसे घेत होता, ते देणगी आहेत आणि आपण रोगोपचार करतो, असं त्याचं म्हणणं. सेवाकराच्या अपिलीय न्यायाधिकरणाने २०२३ मध्ये ते मानलं नाही. वेगवेगळ्या रकमांची प्रवेशतिकिटं होती आणि रकमेनुसार सवलती बदलत होत्या, तेव्हा ही आरोग्य व तंदुरुस्तीची सेवाच ठरते, असा निकाल लागला. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. कराचा भाग सोडून देऊ. ज्या देणगीने पुढची रांग मिळते तिला काय म्हणायचं, हे भाजी घेणाऱ्या बाईलाही कळतं.

तर मग पैसे घ्यायचे कशाचे? माहितीचे नाहीत. नाचणीत काय असतं, हे यूट्यूबवर शंभर जण सांगतात, त्यातले दहा बरोबरही सांगतात. मग वजन उतरल्याचे? पेठेतल्या भिंतींवर तशा पाट्या दिसतात, 'फरक नाही तर पैसे परत'. ऐकायला प्रामाणिक वाटतं. पण डॉक्टरांना हे करायची मुभाच नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत 'गुण नाही तर पैसे नाहीत' असा करार अनैतिक ठरवला आहे. मला आधी हा नियम डॉक्टरांच्या सोयीचा वाटायचा. आता वाटतं, तो पेशंटच्याच हिताचा आहे. किलोवर पैसे ठरले, की कोच किलोच्या मागे लागतो. पंधरा दिवस उपाशी ठेवूनही काटा खाली येतो. आणि ज्यांचं वजन सहज उतरेल, अशीच माणसं मग तो निवडतो. थायरॉइडवाली, रात्रपाळीवाली, सासूच्या हातचं खावं लागणारी बाई दारातूनच परत जाते.

अमेरिकेने याचा अनुभव घेतला आहे. तिथल्या मधुमेह-प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात तीन हजारांहून अधिक माणसं होती. २००२ मध्ये त्याचे निष्कर्ष आले: मेटफॉर्मिनच्या गोळीने मधुमेह होण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी घटलं, आणि आहार-व्यायामाच्या गटात ५८ टक्क्यांनी. त्या गटातल्या प्रत्येकाला 'लाइफस्टाइल कोच' नेमून दिलेला होता आणि सुरुवातीच्या चोवीस आठवड्यांत सोळा बैठका. म्हणजे कोच हा शब्द इन्स्टाग्रामने जन्माला घातलेला नाही, त्यामागे भक्कम पुरावा आहे. पुढे २०१८ पासून तिथल्या वृद्धांच्या सरकारी विम्याने अशा कार्यक्रमाचे पैसे द्यायला सुरुवात केली, पण त्यातला मोठा वाटा पाच टक्के वजन उतरण्याला बांधला. कार्यक्रम चालवायला फारशा संस्था पुढे आल्या नाहीत. अखेर २०२४ पासून नियम बदलले आणि हजेरीचे पैसे वेगळे धरून वजनाचं बक्षीस त्याच्या जोडीला ठेवलं.

हजेरी हाच माझ्या मते कळीचा शब्द आहे. कोचकडून आपण घेतो ती विचारपूस. कोणीतरी आपल्या ताटाकडे रोज पाहतंय, आणि आपण गप्प झालो तर विचारणार आहे. आजी असेपर्यंत हे घरात फुकट मिळायचं, टोमण्यांसकट. ते काम आता बाहेर गेलं असेल, तर त्याला लागणारा वेळ मोजावा आणि त्या वेळाचे पैसे घ्यावेत.

तो आम्ही स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये मोजला. माणशी आठवड्याला वीस मिनिटांचा फोन, शिवाय रोजचे फोटो पाहून उत्तर द्यायला तीन-साडेतीन मिनिटं, म्हणजे पाऊण तास. तिच्या मनात होते तीस जण आणि महिना हजार रुपये. चार आठवड्यांचे झाले नव्वद तास आणि मिळकत तीस हजार, म्हणजे तासाला ३३३. घरी येणारा फिजिओथेरपिस्ट आमच्याकडे पाऊण तासालाच याच्या जवळपास दुप्पट घेतो. आणि रात्री साडेदहाला येणारे 'एकादशीला साबुदाणा चालेल का?' हे प्रश्न, रिपोर्ट वाचणं, मुलाचं आजारपण, हे कुठेच धरलेलं नव्हतं. शेवटी आकडा ठरला पंचवीस माणसं, महिना दोन हजार. सव्विसावं माणूस आलं तर थांबायला सांगायचं. पंचवीस ही मर्यादा हाच फीचा अर्धा भाग आहे, असं मी तिला बजावलं. मला गमावणाऱ्या पॅकेजवाल्यांकडे किती जण होते, देव जाणे.

पैसे आगाऊ की मागाहून, यावर बराच वाद झाला. मला विद्यार्थीदशेतली सदाशिव पेठेतली खाणावळ आठवत होती. न जेवलेल्या वेळेचा खाडा लिहायचा आणि महिनाअखेरीला तो वजा व्हायचा. "पण काका, मी तर वेळ राखून ठेवलेला असतो," ती म्हणाली. तिचं बरोबर होतं. पोळ्या दुसऱ्याला वाढता येतात, मंगळवारचे सव्वाचार वाढता येत नाहीत. मग खाडे उलटे करायचं ठरलं. समोरच्याने फोन घेतला नाही तर तो गेला. पण तिने स्वतःहून दोनदा विचारलं नाही, तर त्या आठवड्याचे पाचशे वजा. महिन्याच्या महिन्याला पैसे, तीन महिन्यांचं पॅकेज नाही. कोणी सोडून गेलं तर पुढच्या महिन्यापासून तिचं उत्पन्न घटेल, म्हणून ती विचारत राहील. माणूस चांगला आहे म्हणून विचारेल, यावर मी विसंबत नाही. चांगल्या माणसालाही कंटाळा येतो.

महिना दोन हजार ज्यांना परवडत नाहीत, त्यांचं काय? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत. ओट्यापाशी ठरलेल्या दरात यातली बहुतेक माणसं बसणार नाहीत. शनिवारी क्लबहाउसमध्ये बाराजणींचा गट, प्रत्येकी पाचशे, एवढं तिने केलं आहे. त्याखालच्या पायरीवर सरकारी आरोग्यसेवेतली 'आशा' आहे. तिशीवरच्या प्रत्येकाचा आजारांच्या जोखमीचा अर्ज भरणारी, कंबर मोजणारी, तंबाखूबद्दल विचारणारी. तिच्या पदनामातच 'स्वयंसेविका' आहे आणि तिला मिळतो त्याला पगार नव्हे, मोबदला म्हणतात. विचारपुशीचा भाव सरकारने काय ठरवला आहे, ते तिच्या आंदोलनांच्या बातम्यांत वाचायला मिळतं. आमच्या मुलीने आपली फी कमी करून ती भरपाई होणार नाही.

मीही तिच्या पंचविसांत आहे. "तुमच्याकडून कसे घेऊ?" म्हणत होती, घेतले. फ्रिजवरच्या कालनिर्णयावर, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी, ती आता स्वतःचे खाडे लिहिते. मार्चमध्ये तापाने पडली, तर सगळ्यांचे पाचशे-पाचशे परत केले. दोघीतिघींना ते जरा अपमानास्पदच वाटलं.

गेल्या रविवारी लग्नाला गेलो होतो. रात्री सव्वानऊला संदेश: "दुपारचा फोटो आला नाही." मी मठ्ठ्याच्या पेल्याचा फोटो पाठवून दिला.

दोन मिनिटांनी उत्तर आलं: "आणि जिलबी?"