चौथे ऋण

'कृतज्ञ' हा शब्द आपण इतक्या सढळ हाताने वापरतो की त्याचा अर्थ पाहण्याचे कोणाला सुचतच नाही. समारंभाच्या अखेरीस आभार मानावयास उभा राहिलेला चिटणीस अध्यक्षांपासून मांडववाल्यापर्यंत सर्वांविषयी कृतज्ञता व्यक्त करून मोकळा होतो, आणि तोवर श्रोते चपला शोधू लागलेले असतात. वस्तुतः कृतज्ञ म्हणजे केलेले जाणणारा. या शब्दात भावनेचा उल्लेख नाही. आहे तो ज्ञानाचा. हात जोडणे, डोळे भरून येणे, पेढे वाटणे हे सारे मागाहूनचे. आधी काय केले गेले आणि ते कोणी केले, हे ठाऊक असावयास हवे. पण जेथे करणारा दिसतच नाही, तेथे जाणावयाचे काय, आणि हात जोडावयाचे कोणाला?

या वर्षी हा प्रश्न मला दोनदा पडला. जानेवारीत माझ्या हृदयावर बायपासची शस्त्रक्रिया झाली. बिल पाच लाखांवर गेले. त्यातले वीसेक हजार वगळता सारी रक्कम आरोग्यविम्यातून भागली. घरी आल्यावर खुर्ची टाकून बसण्यापलीकडे कशाचीच परवानगी नव्हती. त्यामुळे पुण्यातल्या आमच्या घरामागे जी चार-सहा झाडांची बाग आहे, तिच्यात वसंत ऋतू अगदी पहिल्या पावलापासून येताना मी पाहिला. दोन्ही गोष्टींनी मन भरून आले. डॉक्टरांना आणि परिचारिकांना चेहरे होते, त्यांचे आभार मानता आले. विम्याला चेहरा नव्हता, आणि वसंतालाही नव्हता.

आमच्या एका स्नेह्यांना, ते बँकेतून निवृत्त झालेले आहेत, यात कोडे असे काही दिसलेच नाही. ते म्हणाले, "अहो, तीस वर्षं हप्ते भरलेत तुम्ही. तुमचेच पैसे तुम्हाला मिळाले. दुकानातून साखर आणली म्हणून वाण्यापुढे कोणी साष्टांग नमस्कार घालतं का?"

युक्तिवाद खणखणीत आहे. परंतु हिशेब तसा नाही. मी आजवर भरलेले सारे हप्ते एकत्र केले तरी ती बेरीज बिलाइतकी होत नाही. आणि झाली असती तरी ते पैसे माझ्यासाठी कोणी डब्यात घालून ठेवले नव्हते. विमा म्हणजे बचत नव्हे. समजा, हजार माणसांनी एका वर्षी वीस-वीस हजार रुपये भरले, तर दोन कोटी जमतात. त्यांपैकी चाळीस जण आजारी पडले आणि प्रत्येकाला चार लाख लागले, तर एक कोटी साठ लाख गेले. उरले ते कारभाराला आणि अडीअडचणीला. ज्या वर्षांत मी ठणठणीत होतो, त्या वर्षांतला माझा हप्ता कोणाच्या तरी मूत्रपिंडावर, कोणाच्या मोडलेल्या खुब्यावर खर्च होऊन गेला. आणि या जानेवारीत माझ्या छातीवर जे टाके पडले, त्यांचा खर्च अशा नऊशे साठ जणांनी सोसला, जे त्या वर्षी आजारी पडले नाहीत. दुकानात मी पैसे देतो आणि माझी साखर घेऊन येतो. येथे मी पैसे देतो, आणि काहीही घेऊन येण्याची वेळ येऊ नये अशी इच्छा करतो. असला व्यवहार वाण्याच्या वहीत बसत नाही.

ही युक्ती फार जुनीही नाही. बिस्मार्कच्या जर्मनीत १८८३ साली कामगारांसाठी आजारविम्याचा कायदा झाला. वर्गणीचा दोन-तृतीयांश वाटा कामगाराचा आणि एक-तृतीयांश मालकाचा. हेतू शुद्ध परोपकाराचा होता असे कोणी म्हणणार नाही. कामगारांनी समाजवाद्यांच्या मागे जाऊ नये, हाही त्यात एक डाव होता. आपल्याकडे प्रा. बी. पी. आडारकर यांनी कारखान्यांतील कामगारांच्या आरोग्यविम्याविषयीचा अहवाल १९४४ साली दिला; त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला आणि १९५२ साली कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. मध्यमवर्गाच्या वाट्याला मेडिक्लेम आली ती १९८६ साली. म्हणजे माझ्या वडिलांच्या पिढीत माझ्यासारखा आजार आला असता, तर दागिने, जमीन किंवा नशीब यांपैकी एकाकडे पाहावे लागले असते.

येथे एक खोल आक्षेप निघतो. रोमन तत्त्वज्ञ सेनेका याने उपकार या विषयावर एक ग्रंथच लिहिला आहे. त्याचे म्हणणे असे, की उपकार वस्तूत नसतो, देणाऱ्याच्या मनात असतो. मग त्या नऊशे साठ जणांच्या मनात मी होतो काय? मुळीच नाही. प्रत्येकाने स्वतःच्या भीतीपोटी हप्ता भरला. मीही तेच केले. मनात नसताना घडलेल्या भल्याला उपकार म्हणावे काय?

या प्रश्नाचे उत्तर मी बागेत शोधू लागलो, कारण तेथेही मनाचा पत्ता नव्हता. फेब्रुवारीत कुंपणाजवळच्या पांगाऱ्यावर एक पान नव्हते; नुसती लालभडक फुले, आणि त्यांतल्या मधावर बुलबुल, साळुंक्या व कावळे यांचे भांडण. मार्चमध्ये कडुनिंबाने पाने टाकली आणि आठवडा-दोन आठवड्यांत तांबूस पालवी काढली. पाऊस तर ऑक्टोबरातच संपलेला, जमीन भेगाळू लागलेली, ऊन रोज चढते. अशा वेळी हे वैभव येते कोठून? ते येते मागच्या पावसाळ्यातून. खोल गेलेली मुळे जमिनीच्या पोटातले पाणी ओढतात. आणि पान गळण्यापूर्वी त्यातले नत्र-स्फुरद झाड परत खोडात ओढून घेते. गळते ते नुसते रिकामे पान. वसंत म्हणजे उधळपट्टी असे आपण समजतो. प्रत्यक्षात तो फार काटकसरीने जपलेल्या ठेवीचा खर्च आहे.

हे कळल्यावर माझा आनंद उणावला नाही, दुणावला. पांगाऱ्याने माझ्यासाठी काही केले नाही, हे मला पक्के ठाऊक आहे. तरी त्याने जे केले ते मी जाणले, आणि जाणण्यातच अर्धी कृतज्ञता आली. सेनेकाचा उपकार देणाऱ्याच्या मनात राहत असेल; कृतज्ञता घेणाऱ्याच्या मनात राहते. ती देणाऱ्याच्या हेतूची वाट पाहत थांबत नाही.

पण झाड आणि विमा यांत एक भेद आहे, आणि माझ्या लेखी सारा प्रश्न त्या भेदात आहे. झाडाने साठवले ते स्वतःसाठी. तरी त्याची फुले कुंपणाच्या दोन्ही बाजूंना पडतात. मध कोणत्या पाखराने प्यावा याची यादी झाडाजवळ नसते. विमा अनेकांनी एकासाठी साठवलेला, म्हणजे झाडाहून उदार; पण त्याला कुंपण असते.

त्या कुंपणापलीकडचा मनुष्य आठवड्यातून दोनदा आमच्याच बागेत येतो. झाडांची छाटणी, आळी करणे, पाणी देणे हे त्याचे काम. मी रुग्णालयात होतो त्याच महिन्यात त्याच्या पत्नीच्या आतड्याला पीळ पडला. सरकारी योजना आहे. पण रात्री अकरा वाजता जवळचे म्हणून जे रुग्णालय गाठले, ते त्या योजनेच्या यादीत नव्हते. यादीतले रुग्णालय शोधत फिरण्याइतका वेळ आतड्याजवळ नव्हता. बाई वाचल्या. त्यांच्या बांगड्या आणि गावाकडची जमीन गहाण पडली. हे सारे त्याने मोगऱ्याला पाणी घालता घालता सांगितले, आणि शेवटी म्हणाला, "तुमचं बरं झालं बघा सर, कार्डावर भागलं."

त्याच्या बोलण्यात मत्सराचा लवलेश नव्हता. म्हणूनच ते मला जड गेले. माझ्या मनात इतके दिवस जे भरून आले होते ते नेमके काय होते, हे तपासून पाहणे भाग पडले. आपण वाचलो, आपले घर वाचले, आपण कुंपणाच्या आत होतो, हा सुटकेचा निःश्वास आहे. तो स्वाभाविक आहे, त्याची लाज वाटण्याचे कारण नाही. पण त्याला कृतज्ञता म्हणू नये. सुटकेला दुसरा मनुष्य बुडालेला चालतो. किंबहुना तो शेजारी बुडालेला असला म्हणजे आपण तरल्याचे अधिकच जाणवते. कृतज्ञतेला ते चालत नाही. अनेकांच्या वर्गणीवर मी तरलो हे ज्याने खरोखर जाणले, त्याला ती वर्गणी अमुकापाशीच का थांबावी, हा प्रश्न टाळता येत नाही.

मग करावयाचे काय? ज्यांचे नाव माहीत नाही त्यांना परत द्यावयाचे कसे? येथे मला आपल्या जुन्या ऋणकल्पनेचा आधार वाटतो. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे सर्वांना ठाऊक आहेत; शतपथ ब्राह्मणात चौथे एक सांगितले आहे, ते मनुष्यांचे. या ऋणांची गंमत अशी की त्यांतली काही ज्याचे घेतले त्याला फेडावयाची नसतातच. पित्याचे ऋण अपत्याला वाढवून फिटते. ऋषींचे ऋण अध्ययनाने फिटते. आणि मनुष्यांचे ऋण दारी आलेल्याला आसरा आणि अन्न देऊन. धनको मागे, फेड पुढे. आरोग्यविम्याचे ऋण नेमके या जातीचे आहे.

आयुष्मान भारत योजना २०१८ साली आली. २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, तिच्यात घेण्यात आले. कुंपण सरकते आहे, हे नाकारणे अन्यायाचे होईल. पण ते कायद्याच्या कागदावर सरकते तितके रात्री अकरा वाजता सरकत नाही. ते अंतर माझ्यासारख्यांनी भरावयाचे आहे. विम्याचे पैसे 'वसूल' करण्यासाठी बिल फुगवू नये; कराचा पैसा रुग्णालयाला जातो तेव्हा कुरकुरू नये; आणि ज्याला अर्ज भरता येत नाही त्याचा अर्ज भरून द्यावा, जवळची कोणती रुग्णालये यादीत आहेत ते आजार येण्यापूर्वी त्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून लावावे. मी तसे एक पान लिहून दिले आहे. त्या गहाण जमिनीच्या व्याजातही माझा वाटा मी उचलला आहे. यात थोरवी काही नाही. ही हप्त्याचीच एक जात आहे, फक्त ती मागावयास कोणी येत नाही.

पाडव्याला आपण कडुनिंबाची कोवळी पाने गुळाबरोबर खातो आणि वर्षभराचे आरोग्य मागतो. चार कडू पानांच्या मोबदल्यात एवढे मोठे मागणे! पण ती पाने घरातल्या प्रत्येकाच्या हातावर ठेवली जातात, कामाला आलेल्याच्याही. ज्याच्या हातावर पान पडले नाही असा एकही जण घरात उरू नये, असा तो रिवाज आहे. घर कोठपर्यंत धरावयाचे, एवढेच आता ठरवावयाचे राहिले आहे.