मिशी नसलेला हिटलर

हिटलरची मिशी उतरविणे चर्चिलला जमले नाही, स्टालिनला जमले नाही. ते २०१७ साली व्हिडिओ गेम काढणाऱ्या एका कंपनीने करून दाखविले. 'वुल्फेन्स्टाईन टू' या खेळाची कल्पना अशी की, दुसरे महायुद्ध नाझींनी जिंकले आहे, १९६१ साल उजाडले आहे आणि अमेरिका त्यांच्या टाचेखाली आहे. खेळणाऱ्याने बंडखोरांच्या बाजूने लढायचे. इतर देशांत विकल्या गेलेल्या आवृत्तीत म्हातारा, जर्जर हिटलर आपल्या सुप्रसिद्ध मिशीसकट येतो. जर्मनीसाठी काढलेल्या आवृत्तीत तोच इसम सफाचट तोंडाने वावरतो, लोक त्याला 'हेर हायलर' म्हणतात, आणि स्वस्तिकाच्या जागी भलतेच चिन्ह फडकते. येथवर सारे हसण्यासारखेच आहे. पण त्याच कात्रीने ज्यूंच्या छळाचे उल्लेखही कापले, आणि येथे हसू मावळते.

आता, जर्मनांचा कायदा वेडगळ आहे असे कोणी समजू नये. दिवाळीत आपण दारातल्या रांगोळीत आणि लक्ष्मीपूजनाच्या वहीवर जे स्वस्तिक निःशंकपणे काढतो, त्याच्या नाझी रूपाखाली त्या देशाने काय भोगले आणि काय भोगायला लावले, हे तोच जाणे. ते चिन्ह मिरविणाऱ्यास तेथे तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कला, विद्या, इतिहास यांना मात्र सूट आहे. म्हणूनच २००४ सालच्या 'डाउनफॉल' या जर्मन चित्रपटात हिटलर मिशीसकट आला आणि कोणी हरकत घेतली नाही. खेळांना ही सूट नाही असा निकाल १९९८ साली फ्रांकफुर्टच्या वरिष्ठ न्यायालयाने दिला. मुले या चिन्हांना सरावतील, ही त्यामागची भीती. ती पोकळ नव्हती. १९९०च्या सुमारास छळछावणीचा कारभार 'खेळायला' लावणारे नीच खेळ तेथे चोरून हातोहात फिरत होते. अशी चीज ज्याने पाहिली असेल त्या न्यायाधीशाला उदारपणाचे धडे द्यायला निदान माझी तरी जीभ रेटत नाही.

पण गंमत पाहा. मिशी काढा, ज्यूंचे नाव घेऊ नका, असे त्या कायद्यात कोठेही लिहिलेले नव्हते. ते कंपनीच्या भयाने लिहिले. राजाने 'हळू बोला' म्हणावे आणि दरबाऱ्यांनी जिभाच कापून घ्याव्यात, त्यातला हा प्रकार. आणि हा खेळ मुळी अठरा वर्षांवरील माणसांसाठीच होता! ज्या पापाची आठवण राहावी म्हणून कायदा केला, त्याच पापाचे बळी त्या कायद्याच्या धाकाने गोष्टीतून नाहीसे झाले.

आपल्याकडेही वाऱ्याची ही झुळूक येऊन गेली आहे. २००८ साली मायक्रोसॉफ्टने 'फॉलआऊट थ्री' हा खेळ भारतात आणायचाच नाही असे ठरविले. कारण दिले सांस्कृतिक संवेदनशीलतेचे. खेळात दोन डोक्यांच्या गाई असून त्यांना 'ब्राह्मिन' म्हणतात, तेच नडले असावे असा लोकांनी तर्क केला. आपल्या भावना दुखावतील हे आपल्याला न विचारताच ठरले.

माझ्या मते गाळणे आणि बदलणे यांत मोठे अंतर आहे. १९१० साली सरकारने खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर बंदी घातली तेव्हा काय हिरावून घेतले गेले हे मराठी माणसाला पक्के ठाऊक होते. २०१४ सालच्या 'साऊथ पार्क'च्या एका खेळातून युरोपात काही दृश्ये काढली, तेव्हा त्या जागी कपाळाला हात लावलेल्या पुतळ्याचे चित्र टाकले आणि येथे काय होते ते शब्दांत लिहिले; ऑस्ट्रेलियात रडणारा कोआला ठेवला. ही थट्टा खरी, पण प्रामाणिक थट्टा. आजी नातवंडांना द्रौपदीची गोष्ट सांगताना सभेतला प्रसंग आवरता घेते, 'पुढचे मोठे झाल्यावर' म्हणते. द्रौपदी सभेत गेलीच नव्हती असे ती सांगत नाही. मूल वाढते आणि एक दिवस ग्रंथ उघडते. तो ग्रंथ घरात असतो, हे महत्त्वाचे. बिनमिशीच्या खेळाने जर्मन खेळणाऱ्याला असे काही सांगितलेच नाही, आणि मूळ आवृत्ती त्याच्या देशातल्या दुकानात नव्हती.

ऑगस्ट २०१८मध्ये तेथल्या खेळ तपासणाऱ्या मंडळाने धोरण बदलले: प्रत्येक खेळ स्वतंत्रपणे पाहायचा, चिन्हामागचा हेतू जोखायचा. काम किचकट, चुका व्हायच्याच, कोणी फायदाही उपटणार. तरीही हे काम माणसाचे आहे, कात्रीचे नव्हे. पुढे मूळ आवृत्तीही जर्मनीत विक्रीला आली, आणि हेर हायलरसाहेबांना आपली मिशी परत मिळाली. तिच्याबरोबर ज्यूंची नावेही परत आली.